लवकर विरघळणे आणि जास्त विरघळणे

तीन पेल्यांत पाणी घ्या, एकात साखर, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात तुरटी टाका, ढवळा आणि कोणता पदार्थ लवकर विरघळतो ते लिहा. हा प्रयोग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. साहित्य स्वस्त, धोका काही नाही. तरीही तो ज्या रीतीने घेतला जातो, त्या रीतीला आमचा आक्षेप आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीची शाळा डोळ्यांसमोर आणू. एका मुलाने घरून तुरटीचा खडा आणला, दुसरीने तीच तुरटी खलबत्त्यात कुटून आणली. दोघांची उत्तरे वेगळी येणार आणि दोन्ही खरी असणार. पण फळ्यावर एकच उत्तर असेल, तर एकाच्या वहीत फुली पडते. खरे पाहून खरे लिहिणाऱ्याला चूक ठरवणे, ही आमची मुख्य तक्रार आहे.

गोंधळाचे मूळ असे की येथे दोन प्रश्न एकत्र झाले आहेत: किती विरघळते, आणि किती वेगाने विरघळते? २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते, मीठ ३६ ग्रॅम, तुरटी मिठाच्या निम्म्याहून कमी. ही मर्यादा कण लहान केल्याने वा ढवळल्याने बदलत नाही. वेग मात्र बदलतो. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर ते ६० चौरस सेंटिमीटर होते. खडीसाखर मागे का राहते, ते यावरून कळेल.

नॉयेस व व्हिटनी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ साली दाखवले की विरघळण्याचा वेग हा पाण्यात जास्तीत जास्त किती मावेल आणि आधीच किती आहे, यांतील फरकावर अवलंबून असतो. कणाला लागून जवळजवळ संपृक्त द्रावणाचा पातळ थर असतो. ढवळल्याने तो आणखी पातळ होतो. या थरातून बाहेर पडताना साखरेचा मोठा रेणू रेंगाळतो. पाण्यात पसरण्याचा त्याचा वेग मिठाच्या सुमारे एक तृतीयांश आहे. म्हणजे साखरेला एक गोष्ट अनुकूल, दुसरी प्रतिकूल. मग ‘साखर की मीठ’ याचे उत्तर आधीच फळ्यावर कसे लिहिता येईल?

मिठाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. पाणी उकळते केले, तरी १०० ग्रॅम पाण्यातील मिठाची मर्यादा ३६ वरून जेमतेम ३९ ग्रॅमवर जाते. विरघळणे मात्र पुष्कळच लवकर होते.

आता घरचाच एक प्रश्न. वडनेर भोलजी ज्या नांदुरा तालुक्यात आहे, त्याचा काही भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात मीठ हळू विरघळेल का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. लिटरमागे ३ ग्रॅम क्षार आहेत आणि ते सगळे मीठच आहे असे धरा. मर्यादा सुमारे ३६० ग्रॅम, म्हणून फरक उरतो ३५७. वेग एक टक्काही कमी होत नाही. वर्गातल्या घड्याळावर हा फरक दिसणारच नाही. असा हिशेब मांडायला मिळणे, हे तयार उत्तरापेक्षा मोलाचे आहे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच: प्रयोग टाकून देऊ नका, दुरुस्त करा. पदार्थ एकाच चाळणीने चाळा, वजन सारखे घ्या, पाणी एकाच माठातले घ्या, ढवळणे मोजून करा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि गुण देताना ‘कोण जिंकले’ यापेक्षा ‘कसे पाहिले’ याला द्या. कुटलेली तुरटी आणणारी मुलगी आणि खडा आणणारा मुलगा समोरासमोर बसून ‘आपली उत्तरे वेगळी का आली?’ असे एकमेकांना विचारू लागले, तर तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.