पदे उरली, बोलणे गेले

नीरेकाठच्या निरवांगीसारख्या गावात जत्रेच्या रात्री तमाशाचा वग उभा राहतो, तेव्हा सोंगाड्याचे बरेचसे बोलणे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. यंदाचा पाऊस, उसाचा भाव, पुढच्या रांगेतला पाटील असे सगळे तो जागच्या जागी बतावणीत ओढून घेतो. विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळीची पहिली नाटके समजून घ्यायची, तर या वगापासून सुरुवात करावी. छापील संहिता शोधत गेलेल्यांना तिथे फारसे काही सापडत नाही.

१८४२ मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसा खेळ रचायला सांगितले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगले. आधी गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती, मग आख्यान. पदे सूत्रधार म्हणे, झांज-मृदंग साथीला असत. पदाचा अर्थ पात्रांनी आपल्या शब्दांत बोलून दाखवायचा, अशी या नाटकांची रीत होती.

ती चालली, कारण कथा प्रेक्षकांना आधीच पाठ होती. बारामतीत राहून मोरोपंतांनी अठराव्या शतकात महाभारत आर्या वृत्तात बांधले होते आणि कीर्तनकारांनी अशी आख्याने घरोघर पोहोचवली होती. पुढे काय होणार, हे ठाऊक असलेला श्रोता नटाच्या बोलण्याची चव घ्यायला मोकळा असे.

राक्षसांच्या आरोळ्यांवरून या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले गेले. तो शिक्का अन्यायाचा आहे. आरडाओरडा होता, आख्यानामागून आख्यान एकाच साच्यातले होते, हे खरेच. पण खरी उणीव वेगळीच होती. दुःख सीतेचे, आणि ते गाणार सूत्रधार! नटाला बोलायची मोकळीक होती, गायची नव्हती.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय आटला आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिचे खेळ झाले. मुंबई ते ठाणे आगगाडी त्याच वर्षी धावली. पण घाटावरच्या मंडळींना मुंबई अजून रेल्वेने जोडलेली नव्हती. एवढे सामान आणि एवढी माणसे घेऊन घाट उतरणे हे धाडसच होते. पाठोपाठ इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशा गावांच्या नावाच्या मंडळ्या निघाल्या. मराठी नाटक आधी फिरत्या मंडळ्यांचे झाले, शहराचे नंतर, हे आपल्या नाट्येतिहासात पुरेशा जोराने सांगितले जात नाही.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने नटाच्या गाण्याची ती उणीव भरून काढली. पात्रे स्वतः गाऊ लागली. मात्र संवादही आता लिहून आले. गाणे नटाच्या हाती आले आणि बोलण्याची जुनी मोकळीक गेली. हा व्यवहार फायद्याचाच ठरला, तरी तमाशाच्या फडाने ती मोकळीक टिकवली, म्हणून वगाकडे नाटकाचा गरीब नातेवाईक म्हणून पाहणे चूक आहे.

भाव्यांची पदे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रहा’त छापली गेली. नटांचे बोलणे मात्र त्या त्या रात्रीबरोबर गेले. भाव्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्याही उरल्या. बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या. बाहुल्यांच्या तोंडचे शब्द आता आजच्या माणसांचे आहेत.