दूरचित्रवाणीचा पाठ आणि डीव्हीडी-रचनेची साधने

लिखित ग्रंथाच्या अभ्यासकाला पाठचिकित्सा नवीन नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतातील आदिपर्वाची प्रस्तावना १९३३ साली प्रसिद्ध झाली; पुढे १९४१ साली डॉ. सु. मं. कत्रे यांचा भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथ आला. या दोहोंनी आपल्याकडील संशोधकांना एक दंडक घालून दिला: ग्रंथ कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला आणि त्या हातांनी त्यात काय बदलले, हे कळल्यावाचून त्याच्या आधारे निष्कर्ष काढू नयेत. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांना मात्र हा दंडक लावण्याची सवय आपल्याला अद्याप जडलेली नाही. कार्यक्रम मुद्रित करून तो डीव्हीडीवर उतरविला, की जतनाचे काम संपले असे आपण धरून चालतो. या तबकडीची रचना करणारे सॉफ्टवेअर ही किरकोळ, तंत्रज्ञाकडे सोपवून देण्याजोगी बाब समजली जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. हे साधन म्हणजे आजचा लेखनिक होय, आणि त्याची निवड हा पाठचिकित्सेचाच एक भाग आहे.

या प्रश्नाची निकड आपल्या परिस्थितीतून उद्भवते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये छापील पुस्तक ठराविक ग्रंथालयांत जमा करावे लागते. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. प्रक्षेपित कार्यक्रमांना हा नियम नाही. फ्रान्सने १९९२ साली कायदा करून नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनाही सक्तीच्या जतनाच्या कक्षेत आणले. आपल्याकडे तसे घडले नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून ‘आमची माती, आमची माणसं’सारख्या कार्यक्रमांतून खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची जी बोली महाराष्ट्राने ऐकली, तिचा संग्रह ही बोलीअभ्यासाच्या दृष्टीने मोलाची सामग्री होय. संस्थांवर विसंबून राहिल्यास काय होते, याचे उदाहरण इंग्लंडात सापडते. बीबीसीने १९६३ साली सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या अनेक जुन्या भागांच्या फिती त्या संस्थेनेच पुसून टाकल्या. त्या हरवलेल्या भागांचा ध्वनी आज ऐकावयास मिळतो तो घरोघरच्या श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण करून ठेवले म्हणून. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ३९ वे कलम खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण करण्यास मोकळीक देते. म्हणजे मुद्रणास वाव आहे. उणीव आहे ती मुद्रणानंतरच्या दक्षतेची.

डीव्हीडी-व्हिडिओ या तबकडीवरील सामग्री एका ठराविक साच्यात बसवावी लागते. आपल्या पाल पद्धतीत चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटी, संकेतन सामान्यतः एमपेग-२, आणि चित्राचा प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट. एकपदरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला ५ मेगाबिटचा प्रवाह धरला तर सुमारे १२५ मिनिटे, ८ मेगाबिट धरला तर ७८ मिनिटे. मुद्रित कार्यक्रम या साच्यात बसविणे, त्याचे प्रकरणांत विभाजन करणे, निवडसूची तयार करणे ही रचनासाधनाची कामे. बाजारात या साधनांची जी परीक्षणे होत आली, त्यांत भर असे तो निवडसूचीच्या तयार नमुन्यांवर, सजावटीवर आणि कामाच्या वेगावर. संशोधकाच्या दृष्टीने हे गुण गौण आहेत. त्याने विचारावयाचा पहिला प्रश्न असा: हे साधन आलेला पाठ जसाच्या तसा ठेवते, की पुन्हा लिहून काढते?

डीडी फ्री डिशसारख्या उपग्रहसेवेवरील अनेक वाहिन्या दीर्घकाळ एमपेग-२ याच संकेतनात प्रक्षेपित होत आल्या. असा प्रवाह मूळ रूपात मुद्रित झाला असेल, तर तो न उलगडता, केवळ वेष्टन बदलून तबकडीत ठेवणे पुष्कळदा शक्य असते. तथापि कित्येक साधने ही तसदी न घेता सरसकट सर्व सामग्री उलगडून तिचे पुन्हा संकेतन करतात. एमपेग-२ हे संक्षेप करताना काही माहिती कायमची टाकून देणारे संकेतन आहे. त्यामुळे प्रत्येक पुनःसंकेतन म्हणजे प्रतीवरून केलेली आणखी एक प्रत, आणि तिच्यातील झीज भरून येत नाही. काही प्रसंगी पुनःसंकेतन अटळ असते, हेही मान्य केले पाहिजे. प्रक्षेपण ५४४ गुणिले ५७६ बिंदूंचे असेल तर ते डीव्हीडीच्या साच्यात बसत नाही. उच्च पृथक्करणाचे प्रक्षेपण तर बसणारच नाही. दोष आहे तो अटळ नसताना, आणि वापरणाऱ्यास न कळविता, ते करण्यात. अडाण्या लेखनिकापेक्षा स्वतःच्या अकलेने ‘सुधारणा’ करणारा लेखनिक संपादकाला अधिक घातक ठरतो, ही पाठचिकित्सेची शिकवण येथे तंतोतंत लागू पडते.

या ‘सुधारणां’चे आणखी दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पाल प्रक्षेपणात प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची मिळून बनते. म्हणजे हालचालीचे नमुने सेकंदाला ५० मिळतात. चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून साधनाने ही अर्धी चित्रे एकत्र मिसळली, की कालाचे निम्मे पृथक्करण हरपते. ओठांची हालचाल किंवा बधिरांसाठीच्या बातम्यांतील हस्तसंकेत यांचा अभ्यास करणाऱ्यास ही हानी सोसणारी नाही. तसेच एखाद्या साधनात अमेरिकेतील एनटीएससी पद्धती मूळचीच निवडून ठेवलेली असते. ती न बदलता काम केले तर २५ चौकटींच्या जागी सेकंदाला २९.९७ चौकटी कृत्रिमरीत्या भरल्या जातात. दुसरा प्रकार जाहिरातींचा. जाहिराती अचूक कापून काढण्याची सोय हा साधनाचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. घरगुती प्रेक्षकाला तो गुण वाटणे स्वाभाविक आहे. पण जाहिरातीची मराठी ही त्या दिवसाच्या भाषेचाच भाग होय, आणि मालिकेतील संवाद व त्यांच्यामधील जाहिरात यांची शेजारवस्ती हाही एक भाषिक पुरावा आहे. जाहिराती काढू नयेत. त्यांच्या सीमांवर प्रकरणखुणा ठेवाव्यात. एका शीर्षकात ९९ प्रकरणे करता येतात. त्यामुळे तासाभराच्या कार्यक्रमास जागा अपुरी पडावयाची नाही.

ध्वनीच्या बाबतीत बेपर्वाई अधिक आढळते, कारण परीक्षणकर्त्यांचे डोळे चित्रावर खिळलेले असतात. मराठीतील दंततालव्य आणि तालव्य च-ज यांचा भेद, ‘चाक’ आणि ‘चार’ यांच्या आरंभीच्या वर्णांतील फरक, घर्षणध्वनीच्या उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात स्पष्ट होतो. संक्षेप करणारी संकेतने काटकसर करतात ती बव्हंशी याच पट्ट्यात. एमपेग पद्धतीच्या प्रक्षेपणाबरोबरचा ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असेल, तर तो पाल डीव्हीडीवर तसाच ठेवता येतो. असे असूनही काही साधने तो उलगडून डॉल्बीच्या एसी-३ संकेतनात, तेही कमी प्रवाहावर, पुन्हा बांधतात. फितीवरील जुने मुद्रण उतरवून घेताना असंक्षिप्त पीसीएम ध्वनीची सोय असावी. त्यास अर्ध्या तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट लागतात. सेकंदाला १९२ किलोबिटच्या संक्षिप्त ध्वनीस ४३. हा खर्च मोठा दिसतो, पण ध्वनिविचारासाठी तो करणे रास्त आहे.

यापुढचा दोष मात्र साधनाचा नसून साच्याचाच आहे. १९९६ साली बाजारात आलेल्या या साच्यात ध्वनिप्रवाहाची भाषा नोंदविण्यासाठी आयएसओ ६३९ मधील दोन अक्षरी संकेत वापरतात. मराठीला असा संकेत आहे. कोकणीला नाही; तिला तीन अक्षरी संकेत मिळाला, आणि तो या चौकटीत मावत नाही. १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेली भाषा या तबकडीवर आपल्या नावाने नोंदविता येऊ नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. अहिराणी व वऱ्हाडी यांची तीच गत. अशा वेळी साधनाने दिलेल्या यादीतून ‘जवळची’ म्हणून मराठी निवडणे हे वर्णन नव्हे, तो प्रक्षेपच. भाषेची जागा अनिर्दिष्ट ठेवावी आणि खरी नोंद तबकडीवरच्या स्वतंत्र टिपणात करावी.

उपशीर्षकांचीही एक मर्यादा आहे. डीव्हीडीत ती अक्षरे म्हणून राहत नाहीत. चार रंगांची चित्रे म्हणून राहतात. परिणामी त्यांत शब्दाचा शोध घेता येत नाही, शब्दसूची काढता येत नाही. शिवाय ही चित्रे रचनासाधन तयार करते. ज्या साधनात देवनागरीच्या जुळणीची व्यवस्था नाही, ते ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे न नेता पुढे ठेवते आणि जोडाक्षरे हलन्त चिन्ह देऊन फोडते. निवडीपूर्वी ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’ आणि ‘कर्त्री’ एवढे तीन शब्द उमटवून पाहावेत. अर्धा निकाल तेथेच लागेल. उरलेली मर्यादा ओलांडण्यासाठी साचा स्वतःच एक वाट देतो. चित्रसामग्रीच्या ठराविक पोथीशेजारी त्याच तबकडीवर अन्य फाइली ठेवण्यास आडकाठी नसते. तेथे युनिकोडमधील संहिता आणि मुद्रणाचा दिनांक, वेळ, वाहिनी यांची नोंद ठेवावी.

शेवटचा निकष साधनाच्या आयुष्याचा. ॲपलचे डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ साली बंद झाले. विंडोजबरोबर येणारे डीव्हीडी मेकर, ज्याने प्रवाहाचे प्रमाण ठरविण्याची मोकळीक वापरणाऱ्यास कधी दिलीच नाही, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये वगळले गेले. अडोबीचे एन्कोर गुणांनी या दोहोंहून पुष्कळ सरस आणि योग्य सामग्री पुन्हा संकेतन न करता स्वीकारणारे. पण २०१२ ची आवृत्ती हीच त्याची अखेरची ठरली. अशा साधनांत बांधलेल्या प्रकल्पाच्या फाइली त्या त्या साधनाच्या आश्रयानेच जगतात. याउलट डीव्हीडीऑथर हे मुक्त साधन संकेतन मुळी करीतच नाही. तयार एमपेग-२ प्रवाह ते घेते आणि एक्सएमएलमधील साध्या आज्ञापत्रानुसार तबकडीची रचना करते. कोणता प्रवाह घेतला, प्रकरणे कोठे पाडली, हे त्या आज्ञापत्रात कोणाही वाचकाला दिसते. संपादकाने आपली प्रक्रिया वाचकापुढे उघड ठेवावी, ही जी अपेक्षा आपण चिकित्सक आवृत्तीकडून करतो, ती येथे आपोआप पुरी होते. त्याचा दोष एवढाच की ते आज्ञा टंकून चालवावे लागते आणि नवख्याला दुर्बोध वाटते. त्याच्याच पायावर उभे असलेले, खिडक्यांचे दृश्यरूप असणारे डीव्हीडीस्टाइलर हेही मुक्त साधन ही अडचण बरीच दूर करते. मात्र त्यात प्रत्येक शीर्षकाच्या चित्र-ध्वनीसाठी ‘मूळचे तसेच ठेवावे’ हा पर्याय निवडला गेला आहे ना, हे स्वतः तपासावे लागते.

आता डीव्हीडीच कशाला, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. घरी कोरलेल्या तबकडीचा रंगद्रव्याचा थर कालांतराने बिघडतो. ती चालविणारी यंत्रेही विरळ होत चालली आहेत. म्हणूनच तबकडीला मूळ प्रत मानू नये. मुद्रित प्रवाह आहे तसा दोन ठिकाणी ठेवावा. फितीवरून उतरविलेले चित्र एफएफव्ही१ यासारख्या, काहीही न टाकणाऱ्या संकेतनात ठेवावे. डीव्हीडी ही वाचकाच्या हाती द्यावयाची आवृत्ती. ज्या महाविद्यालयांत वेगवान जोडणी नाही पण जुना डीव्हीडी-वादक आहे, तेथे ती अजूनही उपयोगी पडते. आवृत्ती म्हटली की संपादकाची जबाबदारी आली. जे साधन पाठ न बदलता पुढे देते, बदल अटळ असेल तेथे तो उघड सांगते, आणि आपल्यामागून येणाऱ्या अभ्यासकाला आपल्या कामाची उलटतपासणी करू देते, तेच निवडावे. या कसोटीवर सध्याच्या साधनांत डीव्हीडीऑथर व तदाश्रित डीव्हीडीस्टाइलर ही उजवी ठरतात. विभागातील मुद्रणसंग्रहासाठी त्यांचाच स्वीकार व्हावा.