आठशे मीटरचं वर्तुळ आणि शिवाजीनगरचा पूल

आजचा विषय साधा वाटेल: राहायला वस्ती चांगली कुठली, हे कसं ठरवायचं? सिनॉप्सिस लिहिताना बरेच जण याचं उत्तर एकाच पद्धतीने देतात. नकाशावर रेल्वे स्टेशनचा ठिपका मांडायचा, क्यूजीआयएसमध्ये ८०० मीटरचा बफर काढायचा, आत येईल ती वस्ती ‘जोडलेली’ आणि बाहेर राहील ती ‘तुटलेली’. माझ्याही पहिल्या आराखड्यात हेच वर्तुळ होतं. आज त्याच पद्धतीची चिरफाड करूया, आणि तीही जळगाव-धुळ्याच्या जमिनीवर उभं राहून.

हे वर्तुळ आलं कुठून? पीटर कॅलथॉर्प या अमेरिकन नगररचनाकाराने १९९३ च्या पुस्तकात स्थानकाभोवती पायी अंतरावर दाट, मिश्र वस्ती असावी अशी मांडणी केली. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय टीओडी धोरणात स्थानकाचं प्रभावक्षेत्र साधारण ५०० ते ८०० मीटर, म्हणजे १० ते १२ मिनिटं चालण्याइतकं धरलंय. नीट वाचा. मिनिटं आहेत ती माणसाच्या पायांची. आपण मात्र सोयीचे म्हणून मीटर उचलतो आणि मिनिटं विसरतो. त्यामुळे दोष धोरणाचा कमी, ते उसनं घेणाऱ्याचा जास्त. शिवाय हे धोरण मुख्यतः मेट्रो, उपनगरी रेल्वे, बीआरटी अशा मोठ्या वाहतुकीच्या शहरांसाठी लिहिलेलं आहे. ते खानदेशात आणताना आधी तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला, मध्ये काय आहे? जळगावचं शिवाजीनगर नकाशावर स्टेशनच्या अगदी जवळ, पण रुळांच्या पलीकडे. तिथला जुना उड्डाणपूल २०१९ मध्ये पाडला आणि नवा वापरात येईपर्यंत काही वर्षं गेली. तेवढा काळ शहरात यायला गाड्यांना वळसा पडला. बफरमध्ये यातलं काय दिसलं? काहीच नाही. पूल होता तेव्हाही वर्तुळ तेच, नव्हता तेव्हाही तेच. जे मोजमाप पूल असण्या-नसण्याने हलत नाही, ते ‘जोडणी’ मोजतंय असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं? यावर उपाय म्हणजे रस्त्यांच्या जाळ्यावरून वेळ मोजणं. एका जागेहून दहा मिनिटांत कुठपर्यंत पोचता येतं, त्या टोकांना जोडणारी रेषा काढायची. ती गोल येत नाही, वेडीवाकडी येते. तीच खरी.

दुसरा, लोक जोडले जातात ते कशाने? धुळ्याचं रेल्वे स्टेशन हे चाळीसगावहून येणाऱ्या शाखेचं शेवटचं टोक. हा फाटा १९०० साली सुरू झाला. पण मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या शहराला रोजचा आधार आहे एसटीचा. धुळ्यात स्टेशनभोवती वर्तुळ काढून देवपूरला ‘दूर’ ठरवणं म्हणजे प्रश्नच चुकीच्या दारात विचारणं. जळगावातही तेच. बांभोरीला विद्यापीठात येणारा विद्यार्थी खोली बघताना स्टेशन किती जवळ हे बघत नाही, हायवेवर बस किंवा रिक्षा कुठे मिळेल ते बघतो. म्हणून त्याला खोटेनगर सोयीचं वाटतं. तुमच्या वर्तुळात त्याचा हिशेबच नाही.

तिसरा, कोणासाठी आणि कधी? भुसावळ जळगावहून जेमतेम २५ किलोमीटर. अप-डाऊन करणाऱ्यासाठी अंतर म्हणजे गाडीची वेळ आणि पासचे पैसे. कोविडनंतर पॅसेंजरचं किमान भाडं १० वरून ३० रुपये झालं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० वर आलं. स्टेशन जागेवरून हललं नाही, तरी मजुरासाठी ते आधी लांब गेलं, मग जवळ आलं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे एकाच घरातल्या भाऊ-बहिणीला तोच बसस्टँड वेगवेगळ्या किमतीला पडतो. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या एसटी संपात तर स्टँडजवळ राहूनही उपयोग नव्हता. आणि मे महिन्यात, ४४-४५ अंशांच्या उन्हात, दुपारी दोनला ८०० मीटर चालून दाखवा. मग ‘पायी अंतर’ हा शब्द थिसिसमध्ये टाका.

या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वर्तुळ स्वस्त आहे, पटकन निघतं, आणि दोन शहरांची ढोबळ तुलना करायला पहिली पायरी म्हणून चालतं. आक्षेप आहे तो पहिल्या पायरीलाच निष्कर्ष म्हणण्यावर.

आणि हा वाद नुसता व्हायवापुरता नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो धुळे जिल्ह्यातून जाणार. उद्या नव्या स्थानकांभोवती असंच वर्तुळ कोणीतरी काढेल, त्यावर प्लॉटचे भाव सांगितले जातील, आणि आत-बाहेरच्या रेषेवर कोणाची तरी आयुष्यभराची बचत लागेल. त्या नकाशाखाली ‘संशोधन’ असं लिहिलेलं असेल, तर ते आपल्यापैकीच कोणाचं तरी असेल.

म्हणून सिनॉप्सिसला बसण्याआधी एक करा. निवडलेल्या वस्तीतून स्टेशनला आणि बसस्टँडला स्वतः चालत जा. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी. घड्याळ बघा, वाटेत काय आडवं येतं ते वहीत लिहा. मग लॅपटॉप उघडा आणि तुमचं वर्तुळ त्या वहीशी जुळतंय का बघा. जुळलं नाही तर वही खोडू नका. तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच सापडेल.