भिंगातला माणूस : रॉबर्ट ग्रेव्हज व एमिलिओ लुस्सू यांच्या युद्धस्मृतींतील दोन प्रसंग

बीजसंज्ञा : युद्धसाहित्य, आत्मकथन, टेलिस्कोपिक साइट, पहिले महायुद्ध, नैतिक निर्णय

प्रस्तावना

रॉबर्ट ग्रेव्हज यांचे 'गुडबाय टू ऑल दॅट' हे आत्मकथन १९२९ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धावरील इंग्रजी साहित्याचा विचार या ग्रंथाला वगळून करता येत नाही. त्यात जेमतेम चार-पाच वाक्यांचा एक प्रसंग आहे. रॉयल वेल्च फ्युझिलिअर्स या पलटणीतील अधिकारी ग्रेव्हज एका उंचवट्यावरून, लपविलेल्या छिद्रातून (आपल्या किल्ल्यांच्या भाषेत जंगीतून) शत्रूचा वेध घेत आहेत. सुमारे ७०० यार्डांवर, जर्मनांच्या तिसऱ्या फळीत, एक सैनिक आंघोळ करताना त्यांना रायफलीवरील दुर्बिणीतून दिसतो. नागव्या माणसावर गोळी झाडणे त्यांना रुचत नाही. 'तुझा नेम माझ्यापेक्षा चांगला' अशा अर्थाचे काही बोलून ते रायफल शेजारच्या सार्जंटच्या हाती देतात. सार्जंट त्या सैनिकाला टिपतो. ग्रेव्हज ते पाहायला थांबत नाहीत.

मायकेल वॉल्झर यांनी 'जस्ट अँड अनजस्ट वॉर्स' (१९७७) या ग्रंथात हा प्रसंग इतर काही सैनिकी आठवणींसोबत ठेवला आणि तेव्हापासून युद्धनीतीच्या चर्चेत तो वारंवार येतो. जॉर्ज ऑर्वेल यांनी स्पेनमध्ये, विजार दोन्ही हातांनी सावरत पळणाऱ्या शत्रूवर गोळी झाडली नाही, तो प्रसंगही त्याच ओळीत येतो. इटालियन लेखक एमिलिओ लुस्सू यांचाही येतो. या सर्व ठिकाणी सैनिकाला समोरचा शत्रू क्षणभर माणूस म्हणून दिसतो, असा वॉल्झर यांचा रोख आहे. तो चुकीचा नाही. परंतु शत्रू कशातून दिसला, या प्रश्नाकडे त्यांचे फारसे लक्ष नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रेव्हज आणि लुस्सू यांच्या प्रसंगांचे शेवट वेगळे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या साधनात आहे.

दुर्बीण आणि तिचे शास्त्र

रायफलीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहे. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलीवर डेव्हिडसन पद्धतीची दुर्बीण वापरली होती. १९१४-१५ मध्ये मात्र या बाबतीत जर्मन सैन्य ब्रिटिशांच्या बरेच पुढे होते. त्यांच्याकडे शिकारीची दुर्बीणयुक्त रायफल वापरण्याची परंपरा होती आणि प्रकाशीय काचेचा भक्कम उद्योगही होता. ब्रिटिशांची तारांबळ कशी उडाली, याचा वृत्तांत हेस्केथ-प्रिचर्ड यांच्या 'स्नायपिंग इन फ्रान्स' (१९२०) या पुस्तकात आहे. हे गृहस्थ शिकारी, प्रवासी, लेखक आणि हॅम्पशायरचे वेगवान गोलंदाज होते. आघाडीवर आलेल्या दुर्बिणी नीट जुळविलेल्या नाहीत आणि त्या वापरणाऱ्यांना पुरेसे शिक्षणही मिळालेले नाही, असे त्यांना आढळले. ली-एनफिल्ड रायफलीत काडतुसांची पट्टी वरून भरावी लागे. म्हणून दुर्बीण नळीच्या डाव्या अंगाला सरकवून बसविली गेली आणि पोलादी ढालीच्या अरुंद जंगीतून नेम धरणे कठीण झाले. कचेरीत बसून शस्त्राचा आराखडा करणाऱ्यांवरचा त्यांचा राग पुस्तकात लपलेला नाही.

या पुस्तकाचा सूर मात्र अस्वस्थ करतो. शत्रूच्या स्नायपरची जागा शोधण्यासाठी कागदाच्या लगद्याचे डोके बांधावर उभे करायचे, त्याला गोळी लागली की छिद्रांच्या रेषेतून पाहून ती कोठून आली हे ठरवायचे, हे सारे लेखक शिकारकथेच्या उत्साहाने सांगतो. त्यांच्या पद्धतीत स्नायपर एकटा नसतो. एक जण मोठ्या दुर्बिणीतून पाहतो, दुसरा गोळी झाडतो. पाहणे आणि मारणे यांची ही वाटणी ग्रेव्हज यांच्या प्रसंगाकडे परतताना लक्षात ठेवावी लागते.

किती दिसते ?

त्या काळच्या ब्रिटिश रायफल-दुर्बिणींचे विवर्धन साधारण दोन ते तीन पट होते. ७०० यार्ड म्हणजे सुमारे ६४० मीटर. तीन पट विवर्धन धरले तरी तो जर्मन सैनिक ग्रेव्हज यांना फार तर २१० मीटरवर असल्यासारखा दिसला असणार. इतक्या अंतरावरून चेहऱ्यावरचे भाव वाचता येत नाहीत. अंगावर गणवेश नाही, एवढे मात्र कळते. चित्रपटांमुळे आपली समजूत वेगळी झाली आहे. 'एनिमी अॅट द गेट्स' (२००१) सारख्या चित्रपटात भिंगातून डोळे आणि चेहरे ठसठशीत दिसतात. ग्रेव्हज यांच्या भिंगात व्यक्ती आली नव्हती. आले ते एक उघडे अंग. त्यांची नापसंती करुणेपेक्षा संकोचाच्या जातीची वाटते, ती यामुळेच. वॉल्झर यांनाही ही शंका आली होती. अधिकारी वर्गाच्या सभ्यतेची ही कल्पना सार्जंटपर्यंत पोहोचत नाही, असे ते सुचवितात. मात्र ते कारण वर्गात शोधतात.

लुस्सू यांचा प्रसंग याउलट आहे. सार्डिनियाचे लुस्सू सास्सारी ब्रिगेडमध्ये अधिकारी होते. आसियागो पठारावरील लढाईच्या आठवणी त्यांनी फॅसिस्ट राजवटीमुळे परागंदा असताना लिहिल्या आणि 'उन आन्नो सुल्लाल्तिपिआनो' या नावाने त्या १९३८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाल्या. पहाटे लुस्सू आणि एक कॉर्पोरल सरपटत ऑस्ट्रियन खंदकाच्या अगदी जवळ पोहोचतात. पलीकडे माणसे कॉफी पीत आहेत. शत्रूही कॉफी पितो, या साध्या गोष्टीचे लुस्सूंना आश्चर्य वाटते आणि मग त्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटते. एक तरुण अधिकारी सिगारेट पेटवतो आणि ती पाहून लुस्सूंनाही सिगारेटची तलफ येते. रायफल रोखलेली आहे, नेम बसलेला आहे. अशा एकट्या माणसावर आपण गोळी झाडणार नाही, तुला झाडायची आहे का, असे ते कॉर्पोरलला विचारतात. कॉर्पोरलही नकार देतो. दोघे सरपटत परत येतात.

दोन्ही प्रसंगांत अधिकारी रायफल दुसऱ्यापुढे करतो. फरक असा की लुस्सू आणि कॉर्पोरल शेजारी पडून, उघड्या डोळ्यांनी, एकाच वेळी एकच दृश्य पाहत होते. लुस्सू विचारतात तेव्हा कॉर्पोरलने ते सारे आधीच पाहिलेले असते. ग्रेव्हज यांचे दृश्य रायफलीला बांधलेले आहे. ते पाहायचे तर रायफल खांद्याला लावावी लागते, म्हणजे मारण्याच्याच स्थितीत यावे लागते. पदव्युत्तर वर्गात हे दोन्ही प्रसंग शिकविताना एन. सी. सी. मधील एका विद्यार्थ्याने, दुर्बिणीत एका वेळी एकालाच दिसते, एवढेच म्हटले होते. प्रस्तुत विवेचन त्या वाक्याचे ऋणी आहे.

शिवाय ग्रेव्हज प्रश्न विचारीत नाहीत. ते कारण देतात आणि दिलेले कारण खरे नाही. नेमबाजीची तुलना पुढे केल्याने नकार हा कामाच्या वाटणीत बेमालूम मिसळून जातो. सार्जंटला नकार देण्याची जागाच उरत नाही. ऑर्वेल या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटतात. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, आपला नेम वाईट होता आणि शंभर यार्डांवरचा पळता माणूस बहुधा टिपता आलाही नसता, हे ते आधी सांगून टाकतात.

एक आक्षेप

पॉल फसेल यांनी 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' (१९७५) मध्ये ग्रेव्हज यांचे आत्मकथन दस्तऐवजापेक्षा नाट्य आणि प्रहसन यांच्या जवळचे मानले आहे. मग हा प्रसंग शब्दशः घडला असे धरून मीटर मोजणे भाबडेपणाचे नाही काय ? आक्षेप रास्त आहे. पण प्रसंग रचलेला असेल तर अंतर, भिंग आणि सार्जंट हे सारे लेखकाने निवडलेले ठरते आणि निवडीची चिकित्सा करणे हे तर समीक्षेचे कामच आहे. ग्रेव्हज यांची आई जर्मन होती, इतिहासकार रांके यांच्या घराण्यातली. हे आत्मकथनात येते, पण या प्रसंगाच्या आसपास त्याची सावलीही पडत नाही.

हा केवळ जुन्या ग्रंथांचा प्रश्न नाही. १९१६ मध्ये रायफलीवरची दुर्बीण ही निवडक नेमबाजांची वस्तू होती. १९८० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने एल-८५ रायफलीसोबत चार पट विवर्धनाची सुसॅट दुर्बीण पायदळातील सामान्य सैनिकाच्या हाती दिली. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या रायफलींसाठी व्होर्टेक्स कंपनीची एक ते आठ पट विवर्धन बदलता येणारी संगणकयुक्त साइट निवडली. ग्रेव्हज यांच्या ७०० यार्डांवरचा माणूस आठ पट विवर्धनाने जणू ८० मीटरवर येतो. त्याचा चेहरा आता दिसू शकेल. भिंग मात्र अजून एकाच डोळ्याचे आहे, आणि ग्रेव्हज यांच्या सार्जंटला त्यात काय दिसले हे त्यांच्या ग्रंथात कोठेही नोंदलेले नाही.