‘वस्तुस्थिती’ नावाचे एक पान

डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. लूव्र संग्रहालयातल्या खुनाने कथानक सुरू होते, पण त्याआधी पुस्तकात एक पान आहे. त्यावर मथळा आहे ‘वस्तुस्थिती’. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७५ मध्ये तिची कागदपत्रे सापडली आणि त्यांत न्यूटन, बोत्तिचेल्ली, व्हिक्टर ह्यूगो, लिओनार्दो यांची नावे आहेत, असे हे पान सांगते. कादंबरीतली कलाकृती, वास्तू, दस्तऐवज आणि गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, अशीही ग्वाही देते.

कादंबरीकाराने हवे ते रचावे. तो त्याचा हक्कच आहे. पात्राच्या तोंडच्या वाक्याला आपण पुरावा मागत नाही. पण हे पान कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही. ते कथेच्या बाहेर उभे राहून वाचकाला लेखकाचा शब्द देते. म्हणून तपासायचे असेल, तर आधी हे पान तपासले पाहिजे.

सुरुवात प्रायरीपासून करू. या नावाची संघटना होती, हे खरे. पण तिची नोंदणी झाली ७ मे १९५६ रोजी, फ्रान्सच्या १९०१ च्या संस्था-कायद्याखाली, स्विस सीमेजवळच्या एका उपविभागीय कार्यालयात. नावातले ‘सायन’ जेरुसलेमचे नव्हे. त्याच परिसरात मों सियों नावाचा डोंगर आहे. संस्थेच्या पत्रिकेचा विषय होता स्वस्त घरांच्या भाडेकरूंचे प्रश्न. सूत्रधार होता प्येर प्लाँतार. आपण मेरोविंजियन राजघराण्याचे वंशज आहोत, असे त्याला जगाला पटवून द्यायचे होते. जेरुसलेमला क्रूसयुद्धाच्या काळात ‘अवर लेडी ऑफ माउंट झायन’ नावाचा मठ होता, पण त्याचा या संस्थेशी काही संबंध नाही. खऱ्या मठाचे नाव उसने घेतले की खोट्या संस्थेला नऊशे वर्षांचे वय मिळते.

आता कागदपत्रे. दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो या खेड्यात बेराँजे सोनिएर हा धर्मगुरू १८८५ पासून होता. त्याने चर्चची डागडुजी केली, बंगला आणि मनोरा बांधला. पैसा कुठून आला? मृतांसाठी प्रार्थना करतो असे सांगून त्याने देशभरातून दक्षिणा गोळा केली होती, आणि त्यावरून त्याच्याच वरिष्ठांनी त्याची चौकशी करून त्याला दोषी ठरवले. पुढे त्याच्या बंगल्यात नोएल कोर्बू याने हॉटेल काढले आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रातून गुप्तधनाची कथा पसरवली. गिऱ्हाइके येऊ लागली. ही कथा प्लाँतारने उचलली. त्याचा मित्र फिलिप द शेरिसे याने ‘प्राचीन’ चर्मपत्रे तयार केली, आणि १९६७ मध्ये ‘दोसिए सेक्रे’ नावाचे टंकलिखित बाड राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झाले.

म्हणजे ही कागदपत्रे ग्रंथालयात ‘सापडली’ नाहीत. ती तिथे नेऊन ठेवली गेली, आणि तीही १९७५ च्या आठ वर्षे आधी. ग्रंथालयाचा शिक्का कागद दाखल झाल्याचे सांगतो, कागद खरा असल्याचे नव्हे. १९९३ मध्ये एका आर्थिक गैरव्यवहाराच्या चौकशीत प्लाँतारला न्यायाधीशांसमोर शपथेवर बोलावे लागले, तेव्हा हे सारे आपणच रचले, अशी कबुली त्याने दिली. म्हणजे कादंबरी निघाली तेव्हा या कबुलीला दहा वर्षे झाली होती.

मराठी वाचकाला ही तपासणीची रीत परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींची अशीच झाडाझडती घेतली होती. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, घटनेपासून किती दूर बसून लिहिला आणि त्यात लिहिणाऱ्याचा काय लाभ होता? ‘दोसिए सेक्रे’ या चार प्रश्नांपुढे टिकत नाही.

कादंबरीतला दुसरा मोठा दावा नायसियाच्या धर्मसभेविषयी आहे. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने ही सभा बोलावली. तोवर येशूला अनुयायी केवळ मर्त्य संदेष्टा मानत होते, आणि सभेत थोड्याशा मताधिक्याने तो देव ठरला, असे कादंबरीतला विद्वान टीबिंग सांगतो. सभा झाली, सम्राटाने बोलावली, दबावही होता, एवढे खरे. पण वाद येशू देव की माणूस असा नव्हता. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही. त्याला विरोध करणारे म्हणत होते की दोघांचे तत्त्व एकच. सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही न करणारे फक्त दोघे होते. आणि येशूच्या देवत्वाची कल्पना किती जुनी, याची साक्ष ख्रिस्ती नसलेल्या माणसाकडूनच मिळते. रोमन अधिकारी प्लिनी याने ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवले की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रे गातात. नायसियाच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट.

बायबलात कोणते ग्रंथ असावेत, हा विषय त्या सभेच्या ठरावांत नाहीच. आज नव्या करारात असलेल्या नेमक्या सत्तावीस ग्रंथांची यादी ३६७ मध्ये अथानासियसच्या पत्रात दिसते. मग ही समजूत आली कुठून? कॉन्स्टंटाइनने युसेबियसकडून धर्मग्रंथाच्या पन्नास प्रती मागवल्या होत्या, हे खरे. त्याने ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली, हेही खरे. पण ती एरियसच्या लेखनाबद्दल होती. कादंबरीची हातोटी इथे कळते. निव्वळ थाप लवकर पकडली जाते. खऱ्याच्या शेजारी बसवलेली थाप वर्षानुवर्षे टिकते.

तिसरा दावा मरीया मग्दालियाचा. ती येशूची पत्नी होती, याला आधार म्हणून फिलिपचे शुभवर्तमान पुढे केले जाते. हा ग्रंथ १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडला. त्यातल्या ‘सोबतीण’ या शब्दाचा अरामी भाषेत अर्थ पत्नी, असे टीबिंग म्हणतो. पण सापडलेली प्रत कॉप्टिक भाषेत आहे, शब्द मूळचा ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ सहभागी, सहकारी असाही होतो. येशू तिचे चुंबन घेत असे, त्या वाक्यात ‘कुठे’ हे सांगणारा शब्दच फाटक्या पानाबरोबर गेला आहे.

मात्र मरीयेच्या बदनामीबद्दल कादंबरी जे बोलते, त्यात तथ्य आहे. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तीन वेगळ्या स्त्रिया एक केल्या आणि शुभवर्तमानात कुठेही वेश्या न म्हटलेली मरीया पश्चिमेकडे पतिता ठरली. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानले नाही. रोमने १९६९ मध्ये ही गल्लत सुधारली.

माझा खरा आक्षेप इथे आहे. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी मरीया आहे. ती बातमी आणणारी साक्षीदार आहे, प्राचीन परंपरेने तिला प्रेषितांची प्रेषित म्हटले. कादंबरी तिला न्याय देण्याचा आव आणते आणि तिला काय करते? राजरक्त वाहून नेणारे पात्र. होली ग्रेल म्हणजे तिची कूस. बोलणारी बाई वंशावळीतली एक पायरी होऊन बसते. या वंशावळीचा उगम पाहिला तर आश्चर्य वाटत नाही. एका पुरुषाला गादीवर हक्क सांगायचा होता, त्यासाठी रचलेला हा वंशवृक्ष. त्याला येशूची फांदी जोडली बेजंट, ली आणि लिंकन यांनी १९८२ च्या ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’मध्ये. स्त्रीशक्तीचे दडपलेले रहस्य म्हणून जे विकले गेले, ते मुळात वारसाहक्काचे प्रकरण होते.

याच पुस्तकावरून २००६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खटला झाला. आपले संशोधन ब्राउन यांनी उचलले, असे बेजंट आणि ली यांचे म्हणणे होते. ते हरले, अशा व्यापक कल्पनांवर कुणाची मालकी नसते, असा निकाल आला. वादींची अडचण गमतीची होती. आपण लिहिले तो इतिहास, असे म्हणावे तर इतिहास सर्वांचा. आपण रचले, असे म्हणावे तर पुस्तकाची पतच गेली.

त्याच वर्षी चित्रपट भारतात आला. सेन्सॉर मंडळाने त्याला ‘फक्त प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र दिले आणि हे कथानक काल्पनिक आहे, अशी सूचना दाखवायला लावली. तरी गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र प्रदेशातली बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. बंदी चूकच होती. बंदीने कादंबरी खोटी ठरत नाही. उलट ‘ते काहीतरी लपवत आहेत’ या तिच्या मुख्य सूत्राला बळ मिळते.

पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चने वेगळी वाट धरली. तिथल्या फरशीवरची पितळी रेषा मूर्तिपूजकांच्या मंदिराचा अवशेष आहे, असे कादंबरी सांगते. ती पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा चर्चने शांतपणे एक फलक लावला: ही अठराव्या शतकातली खगोलशास्त्रीय रेषा, इथे मंदिर कधी नव्हते, आणि खिडकीवरची ‘पी’ आणि ‘एस’ ही अक्षरे प्रायरीची नव्हेत, पीटर आणि सुल्पिस या संतांची.

कादंबरी वाचावी, ती पकड घेते. मात्र ‘वस्तुस्थिती’चे पान उलटण्यापूर्वी त्या फलकाची आठवण ठेवावी. ज्याच्याकडे पुरावा असतो, त्याला रहस्याचा सूर लावावा लागत नाही.