बोहो घर : भटकेपण सेटमध्ये मिळतं का?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, घर सजवणं हा काय समीक्षेचा विषय आहे? कवितेची होते, नाटकाची होते; उशांच्या अभ्र्यांची कशाला? आमचं म्हणणं असं, की प्रदर्शनातलं चित्र आपण फार तर अर्धा तास बघतो, पण घरात रोज राहतो. तेव्हा त्याच्याबद्दल विचार व्हायलाच हवा. आणखी एक. इथे आवाज एकाचा असला तरी टिपणं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काढली आहेत. ज्या चुकीबद्दल बोलणार आहोत, तीही मिळूनच केलेली आहे. म्हणून आम्ही ‘आम्ही’च म्हणू.

चूक अशी. पाच वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट घेतला. हॉल ‘मॉडर्न बोहो’ करायचा ठरलं. पांढऱ्या भिंती, वेताची खुर्ची, भिंतीवर मॅक्रमे, खाली ज्यूटचा गालिचा, कोपऱ्यात मॉन्स्टेराची कुंडी, पॅम्पास गवताचे तुरे, आरसेकामाचे अभ्रे. एका दुकानानं सगळा सेटच आणून बसवून दिला. सकाळी आम्ही मध्यमवर्गीय होतो, संध्याकाळी बोहेमियन झालो. (हशा) जागा हवी म्हणून आजीची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला दिली, किलोच्या भावानं. आजोबा रेल्वेत होते. ट्रंकेवर त्यांचं नाव रंगवलेलं होतं आणि त्याखाली बदलीच्या गावांची नावं, एक खोडून दुसरं, दुसरं खोडून तिसरं. ही ट्रंक लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

आता शब्दाकडे येऊ. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. फ्रान्समध्ये जे भटके रोमा लोक आले, ते तिकडूनच आले असं समजून फ्रेंचांनी त्यांना ‘बोहेमियन’ म्हटलं. समज चुकीचा होता. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडाच्या वायव्येकडून निघाले. त्यांच्या भाषेत कानाला ‘कान’च म्हणतात आणि पाण्याला ‘पानी’. म्हणजे आपण जी शैली परदेशी म्हणून घरात आणतो, तिचं नाव ज्या माणसांवरून पडलं, त्यांचा कान आणि आपला कान एकच आहे.

हे नाव पुढे पॅरिसमधल्या गरीब कलावंतांना चिकटलं. आँरी म्युर्जे या लेखकानं त्यांच्या गोष्टी लिहिल्या. १८५१ साली त्यांचं पुस्तक झालं. त्यावरूनच पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ हा ऑपेरा आला, १८९६ साली, तुरिनमध्ये. त्या ऑपेरातली खोली जरा नजरेसमोर आणा. नाताळची थंडी आहे, शेगडीत घालायला लाकूड नाही, म्हणून कवी स्वतःच्या नाटकाचं हस्तलिखित जाळतो. शेवटच्या अंकात मिमी क्षयानं मरायला टेकलेली असते, तेव्हा एक मित्र आपला जुना कोट गहाण टाकायला निघतो आणि एक मैत्रीण कानातली काढून देते. मूळ बोहेमियन घरात वस्तू येत नाहीत, एकेक करून जातात. आमच्या हॉलमध्ये त्या एका टेम्पोतून आल्या.

आणि हेही विसरता कामा नये, की म्युर्जेचं पुस्तक पॅरिसमध्ये वाचलं जात होतं, त्या वेळी आजच्या रुमानियाच्या भागात खरे रोमा लोक गुलाम होते. कायद्यानं गुलाम. ती गुलामगिरी १८५०च्या दशकाच्या मध्यात संपली. म्हणजे नाव उसनं घेऊन मिरवायचं आणि ज्याचं नाव त्याला दाराबाहेर ठेवायचं, हे काही आजच्या दुकानदारांनी सुरू केलेलं नाही.

मग बोहेमियन घर म्हणून काही चांगलं असतं का? असतं. एकच उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात चार्ल्स्टन नावाचं शेतघर आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार तिथे राहायला गेले. ग्रँटचा युद्धाला विरोध होता. सैन्यात जायचं नसेल तर शेतीवर काम करणं भाग होतं, म्हणून ते घर. भाड्याचं घर, वीज नाही. मग त्यांनी काय केलं? होतं तेच रंगवलं. दारं रंगवली, शेगडीभोवतीची भिंत रंगवली, टेबलं, पलंग, पेट्या, सगळ्यांवर ब्रश फिरवला. हे वर्षानुवर्षं चाललं. आज ते घर संग्रहालय आहे. त्याचे फोटो पाहिले तर रंग ओघळलेले दिसतात, रेघा वाकड्या दिसतात. पण कुणी काढल्या ते कळतं.

आमच्या मते शैलीची कसोटी इथे लागते. चार्ल्स्टनमधून चित्रं काढणारी माणसं वजा केली तर भाड्याचं शेतघर उरतं. आमच्या हॉलमधून आम्हाला वजा केलं तर काहीच बदलत नाही. तोच हॉल वरच्या मजल्यावरही आहे. (हशा) खरंच आहे, गालिचासुद्धा तोच.

मॉडर्न बोहोचं श्रेय मात्र द्यायला हवं. सोफ्याला पडदा आणि पडद्याला टेबलक्लॉथ जुळलाच पाहिजे, ही सक्ती त्यानं मोडली. शोकेसमध्ये कुलूपबंद काचसामान मांडण्यापेक्षा हातानं विणलेली, किंचित वाकडी वस्तू त्यानं मानानं पुढे आणली. हे चांगलंच झालं. बिघडलं ते पुढे. वाकडेपणाचाही साचा झाला, आणि हात कुणाचा ते पुसलं गेलं.

आमच्या आरसेकामाच्या अभ्र्यांचंच घ्या. पावतीवर ‘बोहो कुशन, पाचचा सेट’ एवढंच. पुढे गोव्यात हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात तसंच काम पाहिलं. हा बाजार सत्तरच्या दशकात हिप्पींनी सुरू केला. मुक्काम लांबवायला किंवा पुढच्या प्रवासाला पैसे हवेत म्हणून ते आपल्याजवळच्या वस्तू तिथे विकत. आज तिथे कर्नाटकातून आलेल्या लंबाणी बायका बसतात. जुन्या घागऱ्यांचे, ओढण्यांचे तुकडे जोडून पिशव्या, अभ्रे होतात. कवड्या, आरसे, टाका, सगळ्यांना त्यांच्या भाषेत नावं आहेत. आम्ही पाच अभ्र्यांवर पाच वर्षं डोकं टेकलं आणि त्यातलं एकही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. बाईशी तेव्हा घासाघीस मात्र केली. दुकानात केली नव्हती.

इथे कुणी म्हणेल, मग आपली गोधडीच बरी. थांबा. गोधडीचंही गोड चित्र रंगवायला नको. जुनी लुगडी थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवायची, ती हौसेपेक्षा गरजेपोटी. आजीला कुणी कापसाची नवी गादी दिली असती, तर ती दुसऱ्या दिवशी गोधडी बाजूला ठेवून गादीवर झोपली असती, आणि बरोबरच केलं असतं. गरिबीला शैली म्हणणं हे ज्याची गरिबी संपली त्यालाच परवडतं. म्युर्जेच्या वाचकांचं तेच झालं, आमचंही तेच झालं असतं. गोधडी भिंतीवर खिळ्याला टांगली की तीही पॅम्पासच्या तुऱ्याच्या रांगेत बसते.

म्हणून आम्ही ‘हे घ्या, ते घेऊ नका’ अशी यादी देणार नाही. यादीनंच तर घोळ केला. एवढंच सुचवतो, की एका दुपारी घर पुरं करू नका. भिंत काही महिने मोकळी राहू द्या. वस्तू घेताना कुणी केली ते विचारा, त्या माणसाचं नसलं तरी निदान त्या कामाचं नाव शिकून घ्या. आणि नवं आणण्यासाठी घरातलं काय बाहेर जाणार आहे, ते हातात घेऊन एकदा नीट बघा.

आम्ही बघितलं नाही. मागच्या वर्षी एका दुकानात तसलीच पत्र्याची ट्रंक दिसली. पोपटी रंग दिलेला, वर काच बसवलेली, ‘बोहो कॉफी टेबल’ म्हणून. किंमत आमच्या वेताच्या खुर्चीपेक्षा जास्त. आम्ही खाली वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं, रंगाखाली कुठे अक्षरं दिसतात का. नव्हती. असती तरी ती आमचीच असती असं थोडंच आहे. घरी येऊन आम्ही दोघांनी कागदावर आजोबांच्या बदलीची गावं आठवून लिहायला घेतली. दौंड आठवलं, मनमाड आठवलं, भुसावळ आठवलं. त्यांच्या आधीची दोन आठवली नाहीत. विचारायला आता कुणी नाही.

बरं, प्रश्न घेऊ या. मागे हात वर दिसतोय. बोला.