लग्नाचीं चलच्चित्रें

अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांचें लग्न ठरलें होतें, ही कथा आमच्या भागांत लहान मुलांसहि ठाऊक असते. देवी कोंकणांतून वऱ्हाड घेऊन निघाली. परळी अवघ्या कांहीं कोसांवर राहिली आणि मुहूर्त टळला. देवी होती तेथेंच कुमारी राहिली व वऱ्हाडी मंडळींचा दगड झाला. अंबाजोगाईस हत्तीखाना या नांवानें ओळखलें जाणारें शैव लेणें आहे. तेथील दगडी हत्तींकडे बोट दाखवून "हें पाहा तें वऱ्हाड" असें माझ्या लहानपणीं एका वृद्धानें मला सांगितलें होतें. लेण्याचा काळ ठरविणाऱ्या विद्वानांना या कथेशीं कर्तव्य नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु कथेंत एक गोष्ट निःसंदिग्धपणें सांगितलेली आहे : मुहूर्त कोणासाठीं थांबत नाहीं, देवासाठींहि नाहीं.

आतां तो थांबतो. गेल्या वैशाखांत परळीच्या एका मंगल कार्यालयांत मीं तो थांबलेला पाहिला. मंगलाष्टकें संपलीं, अंतरपाट दूर झाला, वधूवरांनीं एकमेकांस माळा घातल्या, वाजंत्री सुरू झाली. तोंच व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या तरुणानें हात वर केला. कोणा पाहुण्याचा फेटा मध्यें आल्यामुळें नेमका तो क्षण त्याच्या कॅमेऱ्यास मिळाला नव्हता. वाजंत्री थांबली, माळा उतरविल्या, अंतरपाट पुन्हां धरला, आणि भटजींनीं किंचित् ओशाळून शेवटचें "सावधान" पुन्हां एकदां म्हटलें. नुकतेंच ज्यांनीं एकमेकांस पाहिलें होतें त्या दोघांनीं माना खालीं घातल्या आणि जणूं प्रथमच पाहत आहोंत अशा रीतीनें त्या वर केल्या. पुढें महिन्याभरानें तें चित्र माझ्या पाहण्यांत आलें. त्यांत हा क्षण फार सुंदर दिसतो. तो खोटा आहे, एवढेंच.

लग्नाच्या चित्रांवर साहित्यविषयक मासिकांत लिहावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. पण ज्या घरांत वर्षभरांत एकहि कादंबरी विकत घेतली जात नाहीं, त्या घरांत हें चित्र पैसे मोजून करविलें जातें, पुनःपुन्हां पाहिलें जातें आणि आल्यागेल्यास दाखविलें जातें. त्याला ठराविक आरंभ आहे, ठराविक मध्य आहे, ठराविक अलंकारहि आहेत. असा प्रकार टीकाकारांनीं केवळ हंसून सोडून द्यावा हें मला पटत नाहीं. माझे विद्यार्थी व स्नेही यांच्या कृपेनें गेल्या दोन वर्षांत अशीं बरींच चित्रें मीं पाहिलीं. निरनिराळ्या समाजांतील लग्नांचीं पाहिलीं. आणि त्यांवरून माझें जें मत झालें तें येथें मांडतों.

आपल्याकडे चलच्चित्राचा आरंभ प्रत्यक्ष घडणाऱ्या प्रसंगांपासूनच झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईस कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ सालीं रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हां त्यांच्या स्वागताचें चित्र घेतलें. प्रसंग आपल्या गतीनें चालला होता व कॅमेरा एका जागीं उभा राहून पाहत होता. आमच्या पिढीच्या लग्नांत, म्हणजे १९८० नंतरच्या दशकांत, व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हांहि स्थिति फारशी निराळी नव्हती. तीन तासांची कॅसेट भरावयाची हेंच शूटिंगवाल्याचें कर्तव्य असे. पंगती, आहेर, रुसवेफुगवे, झोपलेलीं मुलें, सर्व कांहीं त्यांत येई. मग १९९४ सालीं "हम आपके हैं कौन" हा हिंदी बोलपट आला. हा बोलपट म्हणजे लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे अशी त्याची थट्टा त्या वेळीं पुष्कळांनीं केली. पुढें झालें तें उलट. लग्नेंच त्या बोलपटासारखीं होऊं लागलीं.

हल्लींच्या चित्रांत प्रथम ड्रोन उडतो. परळी वरून दिसते. वैजनाथाच्या मंदिराचें शिखर येतें, पायऱ्या येतात, आणि औष्णिक वीजकेंद्राचीं धुरांडीं दिसूं लागतांच चित्र तुटतें. मला याची गंमत वाटते. ज्या वीजकेंद्राच्या पगारावर या गांवांतील कितीतरी मुलींचीं लग्नें झालीं, २०१३ च्या दुष्काळांत पाण्यावांचून जें बंद पडलें तेव्हां सारें गांव ज्याच्यासाठीं हळहळलें, त्याला या शुभकार्यांत स्थान नाहीं. असो. त्यानंतर मंदगतीनें उडणारे केस, मंदगतीनें पडणाऱ्या अक्षता आणि त्यावर हिंदी प्रेमगीत. लग्न कोणत्याहि समाजाचें असो, हा क्रम बदलत नाहीं.

या ठराविकपणावर केवळ तो ठराविक आहे म्हणून माझा आक्षेप नाहीं. आपलीं मंगलाष्टकें तरी कोठें नवीं असतात? माझा आक्षेप निराळा आहे. प्रत्येक विवाहविधींत त्याचें मर्म कोठें तरी एका ठिकाणीं असतें, आणि तें सर्वत्र एकाच ठिकाणीं नसतें. कोठें तें झांकण्यांत असतें, कोठें ऐकण्यांत, कोठें प्रतिज्ञेंत, कोठें रडण्यांत. कॅमेऱ्याला मात्र चेहरा हवा असतो, आणि तोहि हंसरा.

एक उदाहरण घेऊं. १९५५ चा हिंदु विवाह कायदा असें सांगतो कीं, जेथें सप्तपदीचा विधि आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि विधीवांचून केवळ नोंदणीच्या कागदानें हिंदु विवाह सिद्ध होत नाहीं असें बजावलें. एवढा भार ज्या सात पावलांवर आहे, त्यांना मीं पाहिलेल्या एकाहि चित्रांत सात सेकंद मिळालेले नाहींत. तांदळाच्या ढिगावर टेकलेला पायाचा अंगठा क्षणभर दिसतो आणि नाहींसा होतो. नवरदेवाच्या घोड्याला मात्र दोन मिनिटें आहेत.

बौद्ध समाजांतील एका मंगल परिणयाचें चित्र मला दाखविण्यांत आलें, त्यांतील दोष याहून गंभीर आहे. पुरोहितावांचून, परस्परांच्या शब्दावर लग्न लावण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ सालींच असें लग्न लावून दाखविलें होतें. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध विवाहपद्धति आमच्या मराठवाड्यांत घरोघर रूढ झाली. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर शुभ्र वस्त्रांतील वधूवर त्रिशरण पंचशील म्हणतात, आणि मग सर्वांसमक्ष प्रतिज्ञा घेतात. येथें होम नाहीं, मुहूर्त नाहीं. जें कांहीं आहे तें शब्दांत आहे. चित्रांत वधूवर ओठ हलवितांना दिसतात आणि ऐकूं येतें तें एका बोलपटांतील गाणें! ज्या शब्दांसाठीं एका समाजानें एवढें स्थित्यंतर पत्करलें, ते शब्द संकलकाला गोंगाट वाटले. त्याचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. तो तरुण स्वतः त्याच समाजांतील आहे असें मला मागाहून कळलें, आणि माझें वाईट वाटणें त्यामुळें कमी झालें नाहीं.

तांड्यावरच्या एका बंजारा लग्नांत हेंच घडलें. सासरीं निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यांत पडून जो ढावलो म्हणते, तें नुसतें रडणें नसून रचलेलें, आईकडून लेकीकडे आलेलें काव्य आहे. चित्रांत तेथेंहि पाठवणीचें हिंदी गीत बसविलें आहे. याहून अधिक लिहिण्यासारखें त्या चित्रांत कांहीं नाहीं.

पण एक चित्र मला खरोखर चांगलें वाटलें, आणि तें चांगलें कां झालें हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हें एका मुसलमान कुटुंबांतील निकाहाचें चित्र. शूटिंगवाला तरुण हिंदु. स्त्रियांच्या दालनांत त्याला प्रवेश नव्हता. निकाहाच्या वेळीं वकील आणि दोन साक्षीदार वधूची संमति विचारावयास आंत जातात. कॅमेरा बाहेरच राहिला. करण्यासारखें दुसरें कांहीं नसल्यामुळें त्यानें तो दारावरील पडद्यासमोर तसाच चालूं ठेवला. तिघे आंत जातात. पडदा हलतो व स्थिर होतो. आंतून मेहेरचा आंकडा सांगणारा एक पुरुषी आवाज येतो, मग कांहींच येत नाहीं. बाहेर बांकावर मुलीचे वडील बसलेले आहेत. ते पडद्याकडे पाहत नाहींत. आपल्या हाताच्या बोटांकडे पाहतात. पाऊण मिनिट असें जातें. मुलीचा होकार आपणांस ऐकूं येतच नाहीं. तिघे बाहेर येतात, वडील त्यांच्या तोंडाकडे पाहतात, आणि मग उठून उगीचच बांक सरळ करतात. पुढें काझींचा खुतबा, वराचें "कबूल", वाटले जाणारे छुहारे, हें सर्व नेहमींचें आहे. पण तो पडदा आणि तो बांक मीं तीनदां पाहिला. मीं त्या तरुणाची स्तुति केली तेव्हां तो संकोचून म्हणाला, "सर, तो भाग काढायचा राहून गेला."

काढावयाचा राहून गेलेला भाग! लग्नाच्या चित्रांचें मोल बहुधा अशाच भागांत असतें असें मला वाटूं लागलें आहे, आणि याला कारण माझ्या घरचें आहे.

माझें लग्न १९९६ सालीं परळींतच झालें. माझे वडील त्याच्या तीन वर्षें आधीं वारले होते. देवकाला काका-काकू बसले. आईनें "मी कोठी सांभाळतें" असें आपणहून सांगितलें आणि कोणीहि, मींसुद्धां, तिला नको म्हटलें नाहीं. विधवेनें शुभकार्याच्या वेळीं पुढें यावयाचें नाहीं ही रूढि इतकी अंगवळणीं पडलेली होती कीं, इंग्रजी कादंबऱ्यांतील स्त्रियांच्या दुःखावर वर्गांत तासन् तास बोलणाऱ्या माणसास स्वतःच्या लग्नांत ती दिसली नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्यें केला तेव्हां वर्तमानपत्रांत त्याची स्तुति वाचून मी घरांतून उठलों आणि जुनी कॅसेट शोधूं लागलों.

कॅसेटला बुरशी आली होती. एका दुकानांत ती उतरवून घेतली. पहिला तासभराचा भाग गेलाच. उरलेल्या भागांत तीन पंगती आहेत, आहेराची लांबलचक रांग आहे, आज हयात नसलेलीं बरींच माणसें आहेत. मंगलाष्टकें चालू असतां कोठें तरी एक पातेलें पडल्याचा आवाज येतो. हॅलोजनचा दिवा धरलेला मुलगा त्या आवाजाकडे वळतो, दिव्याबरोबर कॅमेराहि वळतो, आणि कोठीच्या खोलीचें दार उजळतें. दारांत आई उभी आहे. डाव्या हातानें चौकट धरली आहे. उजव्या हातानें ती अक्षता टाकते आहे. मांडव तेथून पन्नास पावलें दूर आहे, अक्षता तिच्याच पायांशीं पडत आहेत. प्रकाश आल्याचें ध्यानांत येतांच ती आंत सरकते. सारें मिळून सहा सेकंद. तिचें चालतेंबोलतें असें दुसरें चित्र आमच्याजवळ नाहीं. लग्नानंतर चार वर्षांनीं ती गेली.

त्या शूटिंगवाल्याला कलेची जाण होती असें म्हणवत नाहीं. त्यानें निवड केली नाहीं, एवढ्यामुळेंच ती दृश्यें राहिलीं. आजचा कुशल तरुण तो भाग प्रथम काढील; हालणारा कॅमेरा, उडालेला प्रकाश, पडलेल्या पातेल्याचा आवाज, मध्येंच येणारी कोणी एक बाई. तीन तासांच्या कॅसेटचा कंटाळा मला चांगला आठवतो आणि तिचे गोडवे मी गात नाहीं. चार मिनिटांचें चित्र करूं नये असेंहि माझें म्हणणें नाहीं. पण तें चार मिनिटांचें चित्र ज्यांतून निवडलें तो सर्व कच्चा माल घरच्यांच्या हवालीं करावा. लग्न लावणाऱ्या समाजाचा विधि काय आहे हें आधीं एकदां त्या घरच्या वडील माणसाजवळ बसून विचारून घ्यावें. आणि जेथें शब्द हाच विधि आहे तेथें गाणें घालूं नये. अंतरपाट दुसऱ्यांदा धरावयास सांगूं नये हें तर सांगावयासहि नको. आपला क्षण हुकला तर तो हुकूं द्यावा. अंबाजोगाईच्या देवीनें तेवढें केलें.

येत्या मार्गशीर्षांत माझ्या मुलीचें लग्न आहे. निकाहाचें चित्र घेणाऱ्या त्याच तरुणास मीं सांगितलें आहे. परवां तो घरीं आला व "महत्त्वाच्या माणसांची यादी द्या" म्हणाला. हल्लीं तशी पद्धत आहे. यादी मी करीत बसलों असतां स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला. माझे थोरले बंधु गेल्याला दोन वर्षें झालीं. "भाऊजी, कोठीची काळजी करूं नका, मी बघतें," असें त्या म्हणाल्या. मीं यादींत त्यांचें नांव पहिलें लिहिलें आणि त्यापुढें "देवक" असें लिहिलें. त्यांना तें अजून सांगितलेलें नाहीं.